सर्दीचं औषध आणि हिरावलेलं सुवर्ण

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत ‘बेन्झेड्रिन इनहेलर’ नावाची बोटाएवढी नळी विकायला आली. फिलाडेल्फियाच्या स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीची ती होती. सर्दीने नाक चोंदलं की नळी नाकपुडीला लावायची आणि दीर्घ श्वास ओढायचा, काही मिनिटांत नाक मोकळं. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नसे. नळीच्या आत औषधात भिजवलेली कागदाची घडी असे. ते औषध होतं अँफेटमिन, एका नळीत ३२५ मिलिग्रॅम. नळी फोडून आतला कागद चघळला किंवा कॉफीत बुडवला तर झोप उडते, थकवा पळतो आणि अंगात नवं बळ संचारल्यासारखं वाटतं, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आलं. परीक्षेसाठी जागणारे विद्यार्थी, रात्रभर वाजवणारे वादक, लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांनी ही युक्ती उचलली. दमछाक हाच ज्यांचा रोजचा शत्रू, त्या खेळाडूंपर्यंत ती पोचायला वेळ लागला नाही.

सर्दीच्या औषधांचं आणि खेळाचं हे नातं आज नव्वद वर्षांचं आहे. त्यात मुद्दाम केलेली लबाडी आहे, माणसं गेल्याच्या घटना आहेत आणि ज्यांनी कुणाला फसवलं नाही अशा मुलांची पदकं काढून घेतल्याचे प्रसंगही आहेत. हे तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय आजच्या नियमांना हे रूप का आलं ते कळत नाही.

आधी थोडं शरीरशास्त्र. सर्दीत नाक चोंदतं ते शेंबडामुळे कमी आणि आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे जास्त. त्या आकसल्या की वाट मोकळी होते. रक्तवाहिन्या आकसण्याचं काम शरीर एरवी नॉरअॅड्रेनॅलिनकडून करून घेतं. घाबरल्यावर, पळायची वेळ आल्यावर अंगभर सुटतं तेच हे द्रव्य. सर्दीवरची ही औषधं ते जास्त सोडायला लावतात किंवा त्याची नक्कल करतात. नाक मोकळं होतं ते यामुळे. हृदय धडधडतं, रक्तदाब चढतो, झोप पळते तेही यामुळेच. म्हणजे उपचार आणि उत्तेजना हे या औषधाचे दोन वेगळे गुण नाहीत. गुण एकच, मात्रा किती आणि घेतली कशासाठी एवढाच फरक. आणखी एक गोष्ट पुढे वारंवार येणार आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसल्या की शरीरातली उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो आणि थकव्याची सूचनाही दबते. रणरणत्या उन्हात शर्यत असेल तर थांबायला हवं हे शरीराने सांगायच्या आतच माणूस कोसळतो.

या औषधांच्या घराण्याचं मूळ एका काटकुळ्या झुडपात आहे. चिनी वैद्यकात ‘मा ह्वांग’ म्हणून शतकानुशतकं वापरलं गेलेलं इफेड्रा ते हेच. मुंबईतल्या पारशी विधींत वापरल्या जाणाऱ्या ‘हओम’च्या वाळक्या काड्याही याच कुळातल्या. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ साली त्यातून इफेड्रिन वेगळं काढलं. १९२०च्या दशकात पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी त्याचे गुणधर्म जगासमोर मांडले आणि दम्यावरचं औषध म्हणून त्याला मोठी मागणी आली. झुडपाचा पुरवठा अपुरा पडेल या भीतीने कृत्रिम पर्यायाचा शोध सुरू झाला, आणि त्या शोधात गॉर्डन अॅलेस हे अमेरिकी संशोधक अँफेटमिनपाशी पोचले.

दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी याच कुळातल्या गोळ्या वापरल्या. युद्ध संपल्यावर त्या नागरी जीवनात आल्या आणि युरोपातल्या सायकल शर्यतींत रुळल्या. आठवडेच्या आठवडे डोंगर चढणाऱ्या व्यावसायिक सायकलपटूंमध्ये अँफेटमिन हा नोकरीचाच भाग होऊन बसला. लपवालपवीही फारशी नव्हती. इटलीचा महान सायकलपटू फाउस्तो कोप्पी याबद्दल मोकळेपणाने बोलत असे.

अमेरिकेत १९५७ साली हर्बर्ट बर्गर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी जाहीर आरोप केला, की चार मिनिटांच्या आत मैल पार करणाऱ्यांच्या यशामागे अँफेटमिन आहे. धावपटू संतापले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अभ्यास करवला. हार्वर्डच्या हेन्री बीचर आणि जीन स्मिथ यांनी जलतरणपटू, धावपटू आणि फेकीचे खेळाडू तपासले आणि १९५९ साली निष्कर्ष छापले. बहुतेकांची कामगिरी सुधारली होती, साधारण १ ते ४ टक्क्यांनी. हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण चार मिनिटांच्या शर्यतीत १ टक्का म्हणजे जवळजवळ अडीच सेकंद, आणि ऑलिंपिकमध्ये पहिला आणि आठवा यांच्यात पुष्कळदा तेवढंही अंतर नसतं.

रोममध्ये २६ ऑगस्ट १९६० रोजी ऑलिंपिकच्या सांघिक सायकल शर्यतीत डेन्मार्कचा २३ वर्षांचा नुड एनमार्क येन्सन भर उन्हात सायकलवरून पडला आणि त्याच दिवशी गेला. त्याला रक्तवाहिन्या सैलावणारं औषध दिल्याचं प्रशिक्षकाने सांगितलं. अँफेटमिनचंही नाव आलं. मृत्यूचं नेमकं कारण कोणतं यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. तो वाद त्यांच्याकडे सोपवू, पण ऑलिंपिकमध्ये औषधचाचणी हवी या मागणीला खरा जोर आला तो या मृत्यूने. फ्रान्सने १९६५ साली खेळातल्या उत्तेजकांविरुद्ध कायदाच केला. पुढच्या वर्षी टूर द फ्रान्समध्ये बोर्दोच्या मुक्कामी लघवीचे नमुने घेतले गेले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी सायकलवरून उतरून निषेध केला. आमच्या शरीरात काय आहे ते पाहणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता.

उत्तर वर्षभरात मिळालं. १३ जुलै १९६७ रोजी मों व्हाँतू या बोडक्या पांढऱ्या डोंगराच्या चढावर ब्रिटनचा टॉम सिम्पसन सायकलवर डुलू लागला, पडला, लोकांनी उचलून पुन्हा बसवला, आणि शिखर हाकेच्या अंतरावर असताना पुन्हा कोसळला. १९६५चा विश्वविजेता होता तो, वय २९. त्याच्या जर्सीच्या खिशात अँफेटमिनच्या नळ्या सापडल्या आणि शवविच्छेदनात शरीरातही. ऊन, आजारपण, मद्य आणि गोळ्या यांनी मिळून त्याला मारलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने प्रिन्स अलेक्झांडर द मेरोद यांच्या अध्यक्षतेखाली वैद्यकीय आयोग कामाला लावला, आणि १९६८च्या ग्रनोबल आणि मेक्सिको ऑलिंपिकपासून चाचण्या सुरू झाल्या.

नियम साधा ठेवला गेला. यादीतलं द्रव्य नमुन्यात सापडलं की खेळाडू दोषी. ते का घेतलं, कुणी दिलं, फायदा झाला की नाही हे प्रश्न नंतरचे. अशा कडकपणामागचं कारण समजण्यासारखं होतं. हेतू सिद्ध करायची जबाबदारी आयोजकांवर टाकली असती तर एकही लबाड सापडला नसता, प्रत्येकाने सर्दीचंच कारण दिलं असतं. सिम्पसनच्या मृत्यूनंतर असा नियम करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण औषधांच्या या विशिष्ट कुळापुरतं पाहिलं तर हे जाळं भलत्याच जागी पडलं, आणि ते पहिल्यांदा दिसलं म्युनिकमध्ये.

रिक डिमाँट हा कॅलिफोर्नियाचा १६ वर्षांचा मुलगा. लहानपणापासून दमा. दम्याच्या मुलांना पोहायला घाला असं डॉक्टर सांगतात, तसा तो पोहायला लागला आणि १५०० मीटरचा विश्वविक्रमवीर होऊन म्युनिकला आला. १ सप्टेंबर १९७२ रोजी ४०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत तो बराच मागे होता. शेवटच्या लांबीत त्याने ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड कूपरला गाठलं. वेळ ४ मिनिटं ०.२६ सेकंद, कूपरची ४ मिनिटं ०.२७. एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने त्याला सुवर्णपदक मिळालं.

शर्यतीच्या आदल्या रात्री त्याला धाप लागली होती म्हणून त्याने नेहमीची ‘मॅरॅक्स’ची गोळी घेतली होती. तीत इफेड्रिन होतं. अमेरिकेत त्या काळी दम्याच्या औषधांत ते इतकं सर्रास असे, की काही गोळ्या तर चिठ्ठीविनाही मिळत. डिमाँटने हे लपवलं नव्हतं. संघासोबत जाताना भरलेल्या वैद्यकीय अर्जात त्याने दमा आणि घेत असलेली औषधं दोन्ही लिहिली होती. ती यादी निषिद्ध द्रव्यांशी ताडून पाहणं, त्याला दुसरं औषध देणं किंवा ऑलिंपिक समितीला कळवणं हे संघाच्या डॉक्टरांचं काम होतं. ते कुणी केलं नाही.

दोन दिवसांनी तो १५०० मीटरची प्राथमिक फेरी पोहून अंतिम फेरीसाठी पात्र ठरला. अंतिम शर्यतीच्या दिवशी, पाण्यात उतरायच्या थोडं आधी, त्याला बाजूला घेऊन सांगितलं गेलं की तू पोहू शकत नाहीस. स्वतःच्या विश्वविक्रमाच्या शर्यतीत तो प्रेक्षक झाला. ती जिंकली त्याचाच देशबांधव माइक बर्टन याने. ४०० मीटरचं पदक परत घेऊन कूपरला दिलं गेलं. पुढच्या वर्षी बेलग्रेडच्या पहिल्या जागतिक जलतरण स्पर्धेत डिमाँटने कूपरलाच मागे टाकत ४०० मीटर ३ मिनिटं ५८.१८ सेकंदांत पार केलं, चार मिनिटांच्या आत येणारा जगातला पहिला पुरुष म्हणून. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने त्याने औषधांची माहिती नीट दिली होती हे मान्य केलं, पण ते २००१ साली. आंतरराष्ट्रीय समितीने पदक परत दिलेलं नाही.

या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करते ती सगळ्यांची नजर मुलाकडे वळली ही गोष्ट. सोळा वर्षांचा मुलगा आपल्या संघाच्या डॉक्टरांवर विश्वास ठेवतो, ठेवायलाच हवा. ज्या मोठ्या माणसांनी एक कागद नीट वाचला नाही त्यांचं काही गेलं नाही.

त्याच म्युनिकमध्ये मंगोलियाच्या एका ज्युदोपटूचं रौप्यपदक कॅफीनमुळे गेलं, तर स्पेनच्या एका सायकलपटूचं कांस्य ‘कोरॅमिन’ या हृदय आणि श्वास उत्तेजित करणाऱ्या औषधामुळे. चार वर्षांनी इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत स्कीपटू गालिना कुलाकोवाच्या नमुन्यात इफेड्रिन सापडलं. नाक चोंदलं म्हणून मारलेल्या फवाऱ्यातून ते आलं होतं. तिचं ५ किलोमीटरचं कांस्यपदक काढून घेतलं, पण पुढच्या शर्यतींत मात्र तिला उतरू दिलं. तिने १० किलोमीटरमध्ये कांस्य आणि रिलेमध्ये सुवर्ण मिळवलं. डिमाँटला जे नाकारलं गेलं ते कुलाकोवाला मिळालं. नियम तोच होता, पण तो राबवणाऱ्यांच्या मनात शंका शिरली होती.

सोलमध्ये १९८८ साली ही शंका मतमोजणीपर्यंत गेली. बेन जॉन्सनच्या स्टेरॉइड प्रकरणाने जग हादरलेलं असतानाच ब्रिटनच्या लिनफर्ड ख्रिस्तीच्या नमुन्यात स्यूडोइफेड्रिन आढळलं. जिनसेंगच्या चहातून ते आलं असावं असं त्याचं म्हणणं. वैद्यकीय आयोगाने ११ विरुद्ध १० मतांनी त्याला सोडलं. कार्ल लुईसच्या नमुन्यातही त्याच वर्षी अमेरिकेतल्या निवड चाचणीच्या वेळी याच कुळातली द्रव्यं अल्प प्रमाणात सापडली होती. तिथल्या समितीने ते अनवधान मानून प्रकरण मिटवलं आणि त्याची कागदपत्रं बाहेर आली ती २००३ साली. एकाची कारकीर्द एका मतावर तरते आणि दुसऱ्याचं प्रकरण पंधरा वर्षं कपाटात राहतं, अशा व्यवस्थेवर खेळाडूंनी भरवसा ठेवावा तरी कसा?

अर्थात सगळेच निरपराध नव्हते. १९९४च्या विश्वचषकात २५ जूनला नायजेरियाविरुद्धच्या सामन्यानंतर डिएगो मॅराडोनाच्या नमुन्यात इफेड्रिनसह त्याच घराण्यातली पाच द्रव्यं सापडली. वजन घटवण्याच्या एका पूरक उत्पादनाच्या अमेरिकी आवृत्तीतून ती आली, असा बचाव झाला. फिफाने त्याच्यावर १५ महिन्यांची बंदी घातली. त्याच्याविना अर्जेंटिना बल्गेरियाकडून आणि मग रोमानियाकडून हरून घरी गेली. आइस हॉकीच्या व्यावसायिक सामन्यांआधी खेळाडू ‘सुडाफेड’च्या गोळ्या मूठ भरून घेतात, हे १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी क्रीडापत्रकारांनी उघड केलं. सर्दी नसताना घेतलेल्या सर्दीच्या गोळ्या होत्या त्या. लीगच्या नियमांत त्यांना बंदी नव्हती, दुकानात त्या सहज मिळत, आणि सामन्याआधी जोम येतो एवढं खेळाडूंना पुरेसं होतं. खरा दुरुपयोग हा, आणि तो त्या काळी चाचणीच्या जाळ्याबाहेर बिनबोभाट चालला होता.

सिडनीत मात्र जाळ्यात अडकली एक मुलगी. आंद्रेआ रादुकान रोमानियाची जिम्नॅस्ट, वय १६, वजन ३७ किलो. २१ सप्टेंबर २००० रोजी तिने वैयक्तिक सर्वसाधारण सुवर्ण जिंकलं. १९७६ साली नादिया कोमानेचीने मिळवल्यानंतर रोमानियाला हे पदक पहिल्यांदाच मिळत होतं. रौप्य सिमोना अमनार आणि कांस्य मारिया ओलारू, तिघीही रोमानियाच्या.

स्पर्धेआधी रादुकानला सर्दी आणि डोकेदुखी होती. संघाचे डॉक्टर इओआकिम ओआना यांनी तिला ‘नुरोफेन कोल्ड अँड फ्लू’ दिली. ऑस्ट्रेलियात औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या या गोळीत आयबुप्रोफेनबरोबर स्यूडोइफेड्रिन होतं. त्या काळी लघवीत दर मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा होती आणि रादुकानचा नमुना तिच्यावर गेला. ३७ किलोच्या शरीरात मोठ्या माणसाच्या मापाची गोळी गेल्यावर असं होणं अगदी शक्य होतं. पदक काढून घेतलं गेलं. क्रीडा लवादाने दोन दिवसांत सुनावणी घेऊन २८ सप्टेंबरला अपील फेटाळलं. त्यानंतर दोन दिवसांनी ती सतरा वर्षांची झाली.

या निर्णयाशी मी सहमत नाही, तरी लवादाची अडचण मला कळते. तिने फसवलं असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. ऑलिंपिक समितीच्या पदाधिकाऱ्यांनीही तसं बोलून दाखवलं, आणि लवादाने तिच्याबद्दलची सहानुभूती नोंदवली. सांघिक सुवर्ण आणि व्हॉल्टचं रौप्य तिच्याकडेच राहिलं, व्हॉल्टनंतरची तिची चाचणी स्वच्छ होती. पण द्रव्य यादीत होतं, मर्यादा ओलांडली होती, आणि स्पर्धा सगळ्यांसाठी सारखी राहायची तर निकाल रद्द करावाच लागेल, असा युक्तिवाद टिकला. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. सुवर्णपदक अमनारला गेलं. खरी विजेती रादुकानच, असं तिनेही सांगितलं. डॉक्टरांना २००२ आणि २००४च्या ऑलिंपिकपासून दूर ठेवलं गेलं. म्हणजे गोळी देणाऱ्याला चार वर्षं आणि गोळी घेणाऱ्या मुलीला आयुष्यभर. पुढच्याच वर्षी गेंटच्या जागतिक स्पर्धेत ती सांघिक, बीम आणि फ्लोअर अशी तीन सुवर्णं घेऊन आली, पण ऑलिंपिकचं ते पदक तिच्या नावावर पुन्हा आलं नाही.

सिडनीनंतर दीड वर्षाने सॉल्ट लेक सिटीत स्कॉटलंडच्या अॅलन बॅक्स्टरने स्लालममध्ये कांस्य मिळवलं. अल्पाइन स्कीइंगमधलं ब्रिटनचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. त्याच्या नमुन्यात मेथअँफेटमिन आढळलं. तो वर्षानुवर्षं ‘व्हिक्स’चा इनहेलर वापरत होता. अमेरिकेत गेल्यावर त्याच नावाचा, दिसायलाही तसाच इनहेलर त्याने तिथल्या दुकानातून घेतला, पण अमेरिकी नळीत मेथअँफेटमिनचंच सौम्य, डाव्या वळणाचं रूप होतं आणि ब्रिटिश नळीत ते नव्हतं. त्याचा फसवण्याचा हेतू नव्हता हे लवादाने स्वीकारलं. पदक मात्र ऑस्ट्रियाच्या बेंजामिन राइशला गेलं.

याच काळात अमेरिकेत दुसऱ्या बाजूने मोठं संकट उभं राहत होतं. १९९४च्या कायद्याने तिथे पूरक आहाराच्या उत्पादनांवरचं सरकारी नियंत्रण सैल झालं होतं. बाटलीवर ‘औषध’ न लिहिता ‘आहारपूरक’ लिहिलं की विक्रीआधी सुरक्षितता सिद्ध करावी लागत नसे. या वाटेने इफेड्रा वजन घटवणारी, जोम देणारी वनस्पती म्हणून किराणा दुकानांपर्यंत पोचलं. फ्लोरिडात १६ फेब्रुवारी २००३ रोजी बाल्टिमोर ओरिओल्सचा २३ वर्षांचा बेसबॉल गोलंदाज स्टीव्ह बेक्लर सरावात कोसळला. शरीराचं तापमान १०८ अंश फॅरनहाइटपर्यंत चढलं होतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. तो वजन घटवण्यासाठी इफेड्राच्या कॅप्सूल घेत होता, आणि उष्माघातात त्यांचा वाटा होता असं तिथल्या वैद्यकीय तपासनिसांनी सांगितलं. व्यावसायिक बेसबॉलमध्ये तेव्हा इफेड्रावर बंदी नव्हती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २००४पासून इफेड्राच्या पूरक उत्पादनांची विक्री बंद केली. उशीर झालाच होता.

नेमक्या त्याच वर्षी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, उलट्या दिशेने गेली. रादुकान, बॅक्स्टर यांसारख्या प्रकरणांनी लाज आणली होती. २००४च्या यादीतून स्यूडोइफेड्रिन, कॅफीन आणि फेनिलप्रोपॅनोलअमिन वगळली गेली. त्यांच्यावर फक्त लक्ष ठेवायचं ठरलं. इफेड्रिन यादीत राहिलं. सर्दीची साधी गोळी घेणाऱ्याला यामुळे मोठा दिलासा मिळाला. पण लक्ष ठेवताना दिसलं, की नमुन्यांत स्यूडोइफेड्रिनचं प्रमाण वर्षागणिक वाढतंय आणि काही आकडे सर्दीने समजावून सांगता येण्यापलीकडचे आहेत. तेव्हा १ जानेवारी २०१०पासून ते पुन्हा यादीत आलं, मात्र मर्यादा आता १५० मायक्रोग्रॅम होती. सांगितलेल्या मात्रेत सर्दीची गोळी घेणारा सहसा तिच्या आत राहील, असा तिचा हिशेब. रादुकानने घेतलेली मात्रा उपचाराचीच होती. दहा वर्षांत मर्यादा सहापट झाली, आणि तिच्या प्रकरणाबद्दल संस्थांनी दिलेली सर्वांत प्रामाणिक कबुली मला या आकड्यातच दिसते.

नवी मर्यादाही निर्दोष नाही. २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा आइस हॉकीपटू निक्लास बॅकस्ट्रॉम याला कॅनडाविरुद्धच्या अंतिम सामन्याआधी काही तास बाहेर काढलं गेलं. अॅलर्जीसाठी तो अनेक वर्षं ‘झिरटेक-डी’ घेत होता आणि त्यातल्या स्यूडोइफेड्रिनने मर्यादा ओलांडली होती. स्वीडन ३-० ने हरलं. या वेळी मात्र समितीने त्याचं रौप्यपदक काही आठवड्यांत त्याला दिलं आणि शिक्षा ताकिदीवर थांबली. डिमाँटपासून इथवर यायला ४२ वर्षं लागली.

दरम्यान जुनी नाकाची औषधं दुसऱ्या दारांनी परत येत होती. एली लिली कंपनीने १९४०च्या दशकात ‘फोर्थेन’ नावाचा नाकाचा इनहेलर काढला होता. त्यातलं द्रव्य मेथिलहेक्झेनअमिन. तो बाजारातून गेला, पण द्रव्य २००५नंतर जेरॅनियम फुलाच्या तेलाचं नाव लावून व्यायामपूरकांच्या डब्यांत अवतरलं. वाडाने २०१०च्या यादीत त्याला नावानिशी घातलं आणि त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा आल्या. महिलांच्या १०० मीटरचं सुवर्ण जिंकलेल्या नायजेरियाच्या डमोला ओसायेमीच्या नमुन्यात तेच सापडलं आणि पदक सेंट व्हिन्सेंटच्या नताशा मेयर्सला गेलं. त्याआधीच्या काही आठवड्यांत भारताचे काही कुस्तीगीर आणि जलतरणपटूही याच द्रव्यासाठी दोषी ठरले होते. डब्यावर हे नाव लिहिलेलंच नव्हतं, असं त्यांच्यातल्या अनेकांचं म्हणणं.

महाराष्ट्राला याहून जवळची गोष्ट आहे मेफेनटरमिनची. बेन्झेड्रिन इनहेलरची नशा होते म्हणून तो मागे घेतल्यावर अमेरिकेत ‘वायअमिन’ नावाचा जो पर्यायी इनहेलर आला, त्यातलं हे औषध. तिथेही त्याचा दुरुपयोग झाला. आपल्याकडे त्याचं इंजेक्शन भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर शस्त्रक्रियागृहात देतात. ते चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही आणि वाडाच्या यादीत ते बंदी असलेलं उत्तेजक आहे. तरीही गेल्या काही वर्षांत पुण्यासह राज्यातल्या अनेक शहरांत व्यायामशाळांतल्या तरुणांना ते चोरून विकणाऱ्यांवर पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने छापे घातले आहेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीआधी उमेदवारांनी उत्तेजकं घेतल्याच्या बातम्याही वृत्तपत्रांत येतात. ही मुलं राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, कुठल्याच यादीत नसतात. म्युनिक आणि सिडनीच्या चुकांतून घडलेले मर्यादांचे आकडे, लवाद आणि अपिलं ही सारी व्यवस्था राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी आहे. भरतीच्या मैदानावर १६०० मीटर धावणाऱ्या तरुणाला सुईत काय आहे, भर उन्हात ते हृदयाचं काय करतं, हे सांगणारा डॉक्टर सोबत नसतो. त्याच्यासाठी तपासणी आणि समज दोन्ही पोचवायचं काम तालुक्याच्या क्रीडा संकुलांत, अकादम्यांत आणि औषधांच्या दुकानांत व्हायला हवं. ते अजून सुरूही झालेलं नाही.